डोंगा मोडावा की दुरुस्त करावा?

एखादी जुनी वस्तू बिघडली म्हणजे तिचे काय करावे, या प्रश्नाला आपल्या समाजात हल्ली दोनच उत्तरे मिळू लागली आहेत. एक, ती मोडीत काढावी. दुसरे, ती शोभेसाठी दारात मांडावी. ती नीट करून तिच्या मूळच्या कामाला पुन्हा जुंपावी, हे तिसरे उत्तर इतके साधे आहे की ते देण्यास कोणी पुढे येत नाही. पूर्व विदर्भातील तलावांवर मासेमारीसाठी चालणारा सपाट तळाचा लाकडी डोंगा आज याच दोन उत्तरांच्या कात्रीत सापडला आहे. हा प्रश्न ढिवरांच्या घरापुरता आहे, आपल्याला त्याच्याशी काय कर्तव्य, असे सुशिक्षित वर्गास वाटणे शक्य आहे. तसे वाटू नये म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हा डोंगा कोणत्या पाण्यावर चालतो ते पाहू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो लहानमोठे तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने उतारावर मातीच्या पाळी घालून ते बांधले, आणि भाताची शेती त्यांच्या आधाराने उभी राहिली. मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० साली झाला, आणि हे तलाव मालगुजारांकडून सरकारकडे गेले. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांतील आद्याक्षरे घेऊन लोक त्यांस ‘मामा तलाव’ म्हणतात. या तलावांतील मासेमारी आज बव्हंशी ढिवर व तत्सम समाजांच्या सहकारी संस्थांकडे आहे. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडावयाचे, त्याबरोबर मुरेलसारखे मूळचे मासे सांभाळावयाचे, आणि पाणी उतरू लागले की जाळी टाकावयाची, असा हा व्यवसाय आहे.

असल्या उथळ पाण्यास सपाट तळाचीच नाव का लागते, हे समजण्यास साधे गणित पुरे आहे. डोंग्याचा तळ चार मीटर लांब व एक मीटर रुंद धरला, तर तो एक सेंटीमीटर खाली जाण्यास चाळीस किलो वजन लागते. डोंग्याचे स्वतःचे वजन, दोन माणसे, जाळी व मासळी मिळून २८० किलो धरले, तरी तो अवघा सात सेंटीमीटर, म्हणजे सुमारे चार बोटे, बुडतो. कमळाच्या देठांवरून, शिंगाड्याच्या वेलींवरून, गाळाला न टेकता तो बांबूच्या रेट्याने सरकत जातो. तळ रुंद असल्याने माणूस त्यात उभा राहून जाळे फेकू शकतो. खोल पाण्याची कणेदार होडी येथे पहिल्याच वळणावर चिखलात रुतून बसेल. तात्पर्य, हा घाट अडाणीपणातून आलेला नाही. तो त्या पाण्याने शिकविला आहे.

आता पूर्वपक्ष. तो मांडणारे सुधारणावादी म्हणतात, लाकूड कुजते, गळते, दरवर्षी त्याची उस्तवार करावी लागते. जंगल तोडून लाकूड आणावे लागते ते वेगळेच. त्यापेक्षा काचतंतूंची, म्हणजे फायबरची, होडी घ्यावी. ती हलकी असते आणि कुजत नाही. या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. फायबर हलके आहे, आणि चांगल्या बनावटीची होडी पुष्कळ वर्षे टिकते, हे खरे आहे. परंतु जंगलाचा कैवार घेऊन जुना डोंगा मोडावयास सांगणे यात उघड विसंगती आहे. दुरुस्तीला दोन फळ्या लागतात, वृक्ष लागत नाही. जो वृक्ष पूर्वीच तोडला गेला त्याची उरलेली वर्षे उपयोगात आणणे, हीच त्या जंगलाविषयीची खरी कृतज्ञता होय. उलट फायबरला बांधणारी राळ खनिज तेलापासून होते. ती एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. त्या होडीला भोक पडले तर ते बुजविता येते, पण त्यासाठी लागणारे रसायन व ते हाताळणारा माणूस गावात नसतो. शेवटी ती निकामी झाली की तिचे सरपणही होत नाही आणि मातीही होत नाही; पाळीवर ती वर्षानुवर्षे कचरा म्हणून पडून राहते.

दुसरा पक्ष सौंदर्यवाद्यांचा. त्यांना जुना डोंगा फार आवडतो. इतका की तो विकत घेऊन, त्याला रंग देऊन, उपाहारगृहाच्या वा बंगल्याच्या दारात माती भरून ते त्यात फुलझाडे लावतात. या प्रेमाची आम्हांस पहिल्या पक्षाच्या द्वेषापेक्षा अधिक भीती वाटते. नाव मोडणारा निदान ती निकामी झाली असे समजून मोडतो. हा मात्र चालण्याजोगी नाव विकत घेऊन ती कायमची बसवितो. ओल्या मातीने भरलेला डोंगा आतून किती वेगाने कुजतो हे त्यास ठाऊक नसते. शिवाय विकणाऱ्याला आलेले पैसे लवकर संपतात, आणि पुढच्या हंगामात त्याला दुसऱ्याच्या डोंग्यात वाटेकरी म्हणून बसावे लागते.

जुना डोंगा पुन्हा पाण्यावर आणणे हे काही अद्भुत कर्म नव्हे. त्याला शिस्त मात्र हवी. प्रथम तो उपडा करून, गाळ धुऊन, सावलीत वाळवावा. भर उन्हात टाकल्यास फळ्या तडकतात. मग अणकुचीदार टोच्याने जागोजाग टोचून पाहावे. निकोप लाकूड टोच्याला दाद देत नाही, कुजलेल्यात तो लोण्यात शिरावा तसा शिरतो. कुजण्याला ओल व हवा दोन्ही लागतात. म्हणून सतत पाण्याखाली राहणाऱ्या भागापेक्षा पाण्याच्या रेषेजवळ, आडव्या पट्ट्यांच्या खाली जेथे पावसाचे पाणी साचते तेथे, आणि गंजलेल्या लोखंडी खिळ्यांभोवती रोग आधी सापडतो. तेवढाच भाग निरोगी लाकडापर्यंत कापून काढावा आणि चांगल्या वाळलेल्या सागाची फळी तिरकस सांध्याने बसवावी. फटींत तेल व राळ यांत भिजविलेले सूत बोथट पटाशीने ठोकून भरावे. परंतु फार गच्च नव्हे, कारण लाकूड पाण्यात फुगते आणि फुगताना फळ्याच खिळ्यांवरून उचलल्या जातात. वरून डांबराचा हात द्यावा. शेवटी डोंगा काठच्या पाण्यात काही दिवस बुडवून ठेवावा, म्हणजे लाकूड फुगून उरलेल्या बारीक फटी आपोआप मिटतात. उन्हाळ्यात कोरड्या गाळावर पडून ज्याचे सांधे उघडले, तो पुष्कळदा एवढ्यानेच बरा होतो. आणि अशाच डोंग्याला ‘आता संपला’ म्हणून मोडीत काढणारे लोक कमी नाहीत!

दुरुस्तीच्या नावाखाली चालणाऱ्या ठिगळबाजीचाही येथे समाचार घेतला पाहिजे. कुजक्या फळीवर पत्रा ठोकणे, फटीत सिमेंट भरणे, किंवा सबंध जुन्या लाकडावर फायबरचा थर चढविणे, हे तिन्ही उपाय रोग झाकतात, बरा करीत नाहीत. लाकूड ऋतूप्रमाणे फुगते व आकसते. सिमेंट आणि फायबर त्याच्याबरोबर हलत नाहीत. थोड्याच काळात फट पडते, पाणी आत शिरते, आणि बाहेर पडण्यास वाट न मिळाल्याने आतल्या आत कुजण्याचे काम जोराने चालते. मग तो डोंगा भर तलावात दगा देतो, आणि दोष मात्र लाकडाला लागतो.

आमचा आग्रह आंधळा नाही. ज्याचा निम्म्याहून अधिक तळ गेला, त्यावर पैसा ओतणे व्यर्थ आहे. त्याच्या शाबूत फळ्या दुसऱ्या डोंग्याला द्याव्यात. त्याचप्रमाणे इटियाडोह किंवा गोसीखुर्द यांसारख्या विस्तीर्ण जलाशयांवर वारा उठला की मोठ्या लाटा येतात. तेथे ठेंगण्या कडांचा सपाट डोंगा नेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. तेथे उंच कडांची नवी होडी व जीवरक्षक जाकीट हवेच. प्रत्येक पाण्याला त्याची नाव. लहान तलावाची नाव कोणती, हे वर सांगितलेच आहे.

आता सरकारी धोरणाविषयी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांस जुन्याच्या बदली नवी होडी व जाळी घेण्यासाठी साह्याची तरतूद करण्यात आली. तरतूद चांगली आहे. परंतु ‘बदली’ या शब्दाबरोबर जुने ते टाकाऊ, हे गृहीतही आत शिरते. वास्तविक मामा तलावांच्या बाबतीत आपण निराळा न्याय लावतो. त्यांच्या पाळी खचल्या, त्यांत गाळ साचला, म्हणून ते बुजवून टाकावे असे कोणी शहाणा म्हणत नाही. पाळ दुरुस्त करा, गाळ उपसा, असेच सर्व म्हणतात. मग तलावाला जो न्याय, तो त्यावरच्या डोंग्याला का नसावा? दुरुस्तीसाठी लहानसे साह्य, सरकारी आगारातून वाजवी दरात दोन फळ्या, आणि जाणत्या सुताराच्या हाताखाली एक-दोन तरुणांना विद्यावेतन, एवढ्याने हे काम चालू राहील.

कारण येथे पणाला लागले आहे ते केवळ लाकूड नव्हे. ज्या गावात डोंगा नीट करणारा सुतार आहे, तेथील ढिवर आपल्या हंगामाचा मालक असतो. फळी निखळली तर चार दिवसांत तो पुन्हा पाण्यावर जातो. ज्या गावातून तो सुतार गेला, तेथे तोच ढिवर अर्ज, मंजुरी आणि हप्ता यांची वाट पाहत काठावर बसतो. आणि मासळीचा हंगाम मंजुरीसाठी थांबत नाही. कामच न मिळाल्याने सुतार एकदा रंधा टाकून शहरात गेला, तर त्याच्या हातातली विद्या कोणत्याही योजनेच्या पैशाने परत आणता येणार नाही.

सुशिक्षित कुटुंबांनी यात काय करावे? नवेगाव बांधला सहलीस जाल तेव्हा दारात मांडण्यासाठी डोंगा मागू नका. तलावाची मासळी मागा, आणि तिचा योग्य भाव द्या. त्या भावातूनच पुढच्या वर्षीची फळी यावयाची आहे.