पुनरुक्ती, पुनःकथन आणि विज्ञानकथा

१

विज्ञानकथात्म दूरचित्रवाणी-मालिकांच्या पुनर्निर्मितीविषयीची नाराजी बहुधा दोनच वाक्यांत आटोपते : 'हे सारे आधी पाहिलेले आहे' आणि 'मूळ मालिका अधिक चांगली होती'. प्रेक्षकाला एवढ्यावर थांबण्याचा अधिकार आहे. समीक्षेला तो नाही. पहिल्या वाक्यात नावीन्य हेच कलेचे एकमेव मूल्य असल्याचे गृहीत धरलेले असते, तर दुसऱ्यात स्मरणरंजनाला मूल्यनिर्णयाचा दर्जा दिलेला असतो. ही गृहीतके न तपासता स्वीकारली, तर पुनर्निर्मितीच्या समर्थकांना उत्तर देणे अवघड होऊन बसते. कारण त्यांच्या हाती एक बिनतोड वाटणारा युक्तिवाद असतो : सांगितलेलेच पुन्हा सांगणे ही तर आपली परंपरा. रामकथा किती वेळा सांगितली गेली? मग अंतराळयानाची कथा तीनदा सांगितली तर बिघडले कोठे?

हा युक्तिवाद दिसतो तितका निरुपद्रवी नाही. तो परंपरेचा गौरव करीत असल्याचा आव आणतो आणि प्रत्यक्षात परंपरेच्या आडून पळवाट काढतो. लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासाच्या नावाखाली ही पळवाट आता चर्चासत्रांच्या व्यासपीठावरही प्रतिष्ठित होऊ पाहत असल्यामुळे तिचा समाचार घेणे आवश्यक झाले आहे.

२

आरंभ परंपरेपासूनच करावयास हवा. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त अर्थदोषांची गणना करताना 'पुनरुक्त' हाही एक दोष मानला आहे. त्याच्याही आधी आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतात अगदी उलट दिशेने जाणारा वाटावा असा सिद्धांत मांडला : पूर्वी हाताळलेले विषयही रसाच्या स्पर्शाने नवे होतात, जसे वसंतात जुनेच वृक्ष नवे भासतात. या दोन मतांत विरोध नाही. मम्मट जिला दोष म्हणतो ती पुनरुक्ती आहे. आनंदवर्धन ज्याचे समर्थन करतो ते पुनःकथन आहे. विषय तोच असणे वेगळे आणि अर्थ तोच असणे वेगळे. पहिले कवीच्या वाट्याला येतेच. दुसऱ्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर असते.

भवभूतीने 'उत्तररामचरिता'त रामकथाच घेतली. परंतु सीतात्यागानंतर रामाच्या मनाचे काय होते, हा प्रश्न त्याने मध्यभागी आणला आणि त्या प्रश्नाच्या ओढीने कथेचा शेवटही बदलला. मोरोपंतांनी रामकथा अष्टोत्तरशत वेळा रचल्याची ख्याती आहे. पुनर्निर्मितीच्या समर्थकांना याहून मोठा दाखला मिळणार नाही. परंतु मोरोपंतांनी प्रत्येक वेळी स्वतःवर एक नवे बंधन लादून घेतले. ओष्ठ्य वर्ण टाळून रचलेले 'निरोष्ठ रामायण' हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. त्यांचे कुतूहल भाषेविषयीचे होते. या उपक्रमाला कोणी कसरत म्हणेल, पण आळस म्हणू शकणार नाही.

लिखित परंपरेबाहेर पाहिले तरी हेच दिसते. जळकोट-कंधारच्या परिसरातील माणसे माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जातात. तेथे वाघ्यामुरळी जागरण मांडतात आणि म्हाळसा-बाणाईचे भांडण पुन्हा उभे राहते. भांडण कशावरून आहे आणि ते कोठवर जाणार आहे, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही श्रोता खिळून राहतो, कारण सांगणारा त्या रात्रीच्या श्रोत्यांना कथेत ओढून घेतो. यजमानाचे घर, त्याचा नवस, गावातले ताजे प्रकरण हे सारे त्या भांडणात शिरते. कथानक ज्ञात असल्यामुळेच लक्ष निरूपणाकडे जाऊ शकते. परंपरेने पुनरावृत्तीला मान्यता दिली ती या अटीवर. अट विसरून मान्यता तेवढी उचलणे हा बौद्धिक अप्रामाणिकपणा होय.

३

आता विज्ञानकथेकडे वळता येईल. डार्को सुविन यांनी 'मेटामॉर्फोसेस ऑफ सायन्स फिक्शन' (१९७९) या ग्रंथात या वाङ्मयप्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण म्हणून 'नोव्हम' ही संकल्पना मांडली. परिचित जगात एक अपरिचित, परंतु बुद्धीला पटणारी नवी वस्तू किंवा घटना दाखल होते आणि तिच्यामुळे त्या जगाचे सारे संबंध बदलतात. हा सिद्धांत सर्वस्वी निर्दोष आहे असे नाही. पण त्यातून एक निकष हाती येतो. विज्ञानकथेचा प्राण तिच्यातील यंत्रात नसून त्या यंत्रामुळे उद्भवणाऱ्या प्रश्नात आणि त्या प्रश्नाच्या परिणामांत असतो. रामकथेत कथानक ठाऊक असूनही रस उणावत नाही. विज्ञानकथेत मात्र प्रश्न जुना झाला की यंत्र उरते, आणि यंत्र हे नेपथ्य होय.

पुनर्निर्मितीचा अपराध नेमका येथे घडतो. केनेथ जॉन्सन यांच्या 'व्ही' (१९८३) या अमेरिकी मालिकेची प्रेरणा सिंक्लेअर लुइस यांच्या १९३५ सालच्या हुकूमशाहीविषयक कादंबरीत होती. मित्रत्वाचा मुखवटा घालून आलेले परग्रहवासी हे तिचे साधन; सुजाण समाज फॅसिझमला कसा शरण जातो, हा तिचा प्रश्न. २००९ साली तिची पुनर्निर्मिती झाली तेव्हा याने अधिक भव्य झाली आणि प्रश्न मात्र पातळ झाला. याउलट 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही १९७८ सालची साधारण मालिका २००३ मध्ये नव्याने उभी राहिली, तेव्हा यंत्रमानव हुबेहूब मानवी रूप घेऊन आले; आणि ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या जगात शत्रू कोणाला म्हणावे, परक्या सत्तेच्या ताब्यातील माणसाने कोणत्या थरापर्यंत जावे, असे प्रश्न तिने स्वतःच्याच समाजाला विचारले. दोन्ही मालिका पुनर्निर्मितीच. परंतु पहिली पुनरुक्ती आहे आणि दुसरी पुनःकथन. 'मूळ मालिका चांगली होती' हा आक्षेप दुसरीला लागूच पडत नाही. म्हणजे वय हा निकष नव्हे, प्रश्न हा निकष आहे.

यात आणखी एक अडचण गुंतलेली आहे, आणि ती मालिका या घाटातच आहे. विज्ञानकथा एक कारण मान्य करते आणि मग परिणामांपासून सुटका करून घेत नाही. मालिकेला परिणाम परवडत नाहीत. भागाच्या अखेरीस, किंवा फार तर पर्वाच्या अखेरीस, सारे पूर्वस्थितीवर यावे लागते, म्हणजे पुढचा भाग सुरू होऊ शकतो. उम्बेर्तो एको यांनी पुनरावृत्तीच्या प्रकारांची छाननी करताना मालिकेच्या या स्थिर व्यूहाकडे लक्ष वेधले होते : प्रेक्षक नव्याच्या अपेक्षेने बसतो आणि जुन्याच्या पुनर्भेटीने सुखावतो. कौटुंबिक कथेत हे सुख खपून जाते. विज्ञानकथेत ते त्या प्रकाराच्या मुळावरच येते.

४

मराठी प्रेक्षकाच्या वाट्याला यातले काय आले? ज्या माध्यमाविषयी हे बोलणे चालले आहे ते स्वतःच वैज्ञानिक कल्पनाशक्तीचे अपत्य आहे. भूस्थिर उपग्रहांद्वारे जगभर संदेशवहन करण्याची कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली मांडली. १९७५-७६ मधील 'साइट' प्रयोगात भारतातील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचली, आणि १९८३ साली इन्सॅट-१बी अवकाशात गेल्यानंतर मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांपर्यंत हा पडदा येऊन ठेपला. क्लार्क यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या वाटेने जे आले, त्यात वैज्ञानिक कल्पनाशक्तीला फारच थोडी जागा होती.

दूरदर्शनने 'स्टार ट्रेक' ही १९६६ सालची अमेरिकी मालिका ऐंशीच्या दशकात दाखविली. पाठोपाठ आलेल्या 'स्पेस सिटी सिग्मा' या हिंदी मालिकेवर तिची छाया स्पष्ट होती : तोच कप्तान, तेच गणवेश, तोच दुष्ट परका, ज्याचे नाव येथे झखाकू झाले. ही अधिकृत पुनर्निर्मिती नव्हती. परंतु वृत्तीने ती पुनर्निर्मितीच होती. 'स्टार ट्रेक'च्या यानात शीतयुद्धाच्या काळी रशियन, जपानी आणि आफ्रिकी वंशाची माणसे एकत्र काम करीत होती, हा तिचा प्रश्न होता. तो प्रश्न भारतीय करावयाचा तर यानात कोणकोण बसले, कोणाला बसू दिले नाही आणि कोणी कोणाच्या हातचे पाणी घेतले, हे विचारावे लागले असते. विचारले गेले ते फक्त शत्रूचा पराभव केव्हा होणार, एवढेच. १९९८ सालच्या 'कॅप्टन व्योम'मध्ये तंत्र सुधारले, पण पळालेल्या गुन्हेगारांचा पाठलाग हे सूत्र पृथ्वीवरच्या कोणत्याही पोलिसी मालिकेत तितकेच शोभले असते.

मराठी वाहिन्यांनी तर विज्ञानकथेची नक्कल करण्याचेही कष्ट फारसे घेतले नाहीत. त्यांनी पुनर्निर्मिती हाच उद्योग मानला. 'आई कुठे काय करते' (२०१९-२०२४) ही बंगाली 'श्रीमोयी'वरून, 'मुलगी झाली हो' ही तमिळ 'मौन रागम्'वरून, 'ठरलं तर मग' ही तमिळ 'रोजा'वरून. यांतील पहिलीचे बंगाली, मराठी आणि हिंदी अवतार एकाच समूहाच्या वाहिन्यांवर चालले. एका भाषेत लोकप्रियतेची परीक्षा उत्तीर्ण झालेली कथा दुसऱ्या भाषेत पाठवावयाची, पात्रांची नावे आणि घराचा दिवाणखाना बदलावयाचा, हा त्यातील व्यवहार. धोका टाळणे हे त्याचे सूत्र, आणि धोका टाळावयाचा म्हणजे प्रश्न टाळावयाचा.

हे सारे चालू असताना मराठीच्या घरात काय पडून आहे? १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने एक कथा आली. ती जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' होती. तेथपासून बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी लेखकांची एक फळीच उभी राहिली. पुनःकथन म्हणजे काय हे शिकावयाचे, तर नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेकडे जावे. पानिपताइतकी पुनःपुन्हा सांगितली गेलेली दुसरी कथा मराठीत सापडणे कठीण. बखरींपासून कादंबरीपर्यंत आणि नाटकापासून चित्रपटापर्यंत १४ जानेवारी १७६१ हा दिवस सतत उगवत राहिला आहे. नारळीकरांनी त्यात एकच फरक केला : विश्वासरावांना लागलेली गोळी थोडक्यात हुकली. गंगाधरपंत ज्या मुंबईत जाऊन पोहोचतात तेथे मराठ्यांचा विजय हा इतिहास आहे आणि कंपनी सरकार अद्याप नांदते आहे. एका गोळीचा परिणाम लेखकाने शेवटपर्यंत वाहून नेला, आणि वाचकाला पराभवाच्या सुखद दुःखातून बाहेर काढून कार्यकारणभावाचा विचार करावयास लावले. वाहिन्यांवरील ऐतिहासिक मालिकांना पोशाख, तलवारी आणि संवाद यांची कमतरता कधी पडली नाही. अशी एक गोळी हुकवून पाहण्याची इच्छा मात्र त्यांच्यात दिसत नाही.

५

या दैन्याचा सारा दोष वाहिन्यांच्या माथी मारून समीक्षेला हात झटकता येणार नाहीत. विज्ञानकथा म्हणजे दिवाळी अंकातील एक करमणुकीचा रकाना, फार तर विज्ञानप्रसाराचे साधन, अशी समजूत मराठी समीक्षेने दीर्घ काळ जोपासली. नारळीकरांना २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रासाठी. ते पुस्तक त्या योग्यतेचे आहे, याविषयी वाद नाही. परंतु ज्या लेखनाने मराठी कथेला एक नवा घाट दिला ते बाजूला राहून जीवनकहाणी पुरस्कृत व्हावी, हे पुरेसे बोलके आहे. २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हाही त्यांच्यातील शास्त्रज्ञाचा जितका गौरव झाला तितका कथांच्या रचनेचा विचार झाला नाही. २०२५ साली त्यांच्या निधनानंतरच्या श्रद्धांजल्यांचा सूरही बव्हंशी हाच होता. ज्या समीक्षेने मूळ संहिता वाचण्याचे निकष घडविले नाहीत, तिला नक्कल ओळखता कशी यावी?

विज्ञानकथा हा परका प्रकार आहे, तो येथल्या मातीत रुजणार नाही, असे देशीयतेच्या नावाने सांगितले जाते. हे सांगणाऱ्यांनी लातूर जिल्ह्याकडे पाहावे. भूशास्त्राने ज्या दख्खनच्या पठाराला स्थिर मानले, ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला हादरले आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. वाचलेल्यांपैकी अनेकांची गावे नव्या जागी, आखीव रस्त्यांच्या चौकटीत वसविली गेली. भिंतीला भिंत लागून असलेल्या वाड्यांतून सुट्या घरांत गेलेल्या माणसांचे शेजारपण, भांडण, लग्नकार्य, वृद्धांचे एकटेपण या साऱ्याचे पुढे काय झाले? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातूरला पोहोचली. पिण्याचे पाणी आगगाडीने येते, असे एखाद्या कथाकाराने १९७४ साली लिहिले असते तर त्याला विज्ञानकथाच म्हटले गेले असते. हे नोव्हम परदेशातून आलेले नाही. ते येथल्या माणसांच्या अंगावर येऊन कोसळले, आणि त्याचे परिणाम कोणत्याही भागाच्या अखेरीस पूर्वस्थितीवर आले नाहीत.

बालाघाटच्या डोंगरात वसलेल्या जळकोटचा प्रेक्षक रोज रात्री पडद्यासमोर बसतो, तेव्हा त्याच्यापुढे दुसऱ्याच्या भविष्याची झिजलेली प्रत किंवा दुसऱ्या भाषेतल्या दिवाणखान्याची नक्कल मांडली जाते. त्याचे स्वतःचे भविष्य, म्हणजे विहिरीला पाणी किती पुरते लागणार, शेत कोण कसणार, शहरात गेलेला मुलगा परतणार की नाही, हे त्या पडद्याच्या कल्पनेतच नाही. जळकोटपासून जवळच असलेल्या उदगीरला २०२२ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. ग्रामीण वास्तवावर तेथे बोलणे स्वाभाविकच होते. परंतु त्या वास्तवाचा उद्याचा चेहरा कल्पिणे हेही साहित्याचेच काम आहे, आणि त्यासाठी लागणारा वाङ्मयप्रकार मराठीत पन्नास वर्षांपासून उपलब्ध आहे.

तेव्हा पुनर्निर्मितीपुढे ठेवावयाचा प्रश्न साधा आहे : मूळ कथेने जे विचारले ते या काळात, या ठिकाणी, या माणसांना विचारताना काय बदलले? उत्तर 'यान बदलले' असे असेल, तर तिथे परंपरेची साक्ष काढण्याचे कारण नाही. आणि हाच प्रश्न विद्यापीठांतील मराठीच्या अभ्यासक्रमालाही विचारावा लागेल. कारण वर्षानुवर्षे त्याच कादंबऱ्या, त्याच प्रश्नपत्रिका आणि तीच उत्तरे यांची पुनर्निर्मिती तेथेही अखंड चालू आहे.