म्हणे कॉम्प्युटर गेला!

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण वाचा, खिसा तोच आहे.

माझी २००६ ची पेट्रोल अल्टो. रात्रभर उभी राहिली की सकाळी सात-आठ वेळा सेल्फ मारल्याशिवाय चालू व्हायची नाही. एकदा झाली की दिवसभर तक्रार नाही. तालुक्याच्या एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, "काका, कॉम्प्युटर गेलाय. १४ हजार." त्या आठवड्यात माझा कांदा हजारानं गेला होता. म्हणजे १४ क्विंटल कांदा त्या एका वाक्यावर.

ना स्कॅनर लावला, ना गेज. माती न तपासता खताचा डोस लिहून दिला तर इथली कृषीतज्ज्ञ मंडळी खपवून घेतील का? मग गॅरेजात आपण मान का डोलावतो?

मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी नुसती ऑन केली, सेल्फ मारला नाही. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची घुरघुर आली. ऑफ केली, परत ऑन. असं तीनदा. मग सेल्फ मारला तर पहिल्या फटक्यात चालू! आता मला सांगा, मेलेला कॉम्प्युटर चावी फिरवून जिवंत होतो का?

विहिरीवरच्या मोटारीचा फुटवॉल गळका असला की रात्रीत पाइपातलं पाणी उतरतं आणि सकाळी पाणी भरल्याशिवाय मोटार उचलत नाही. हे आपल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. इंजेक्शनच्या गाडीतही पंपाला असाच एकतर्फी वॉल्व असतो. गाडी बंद असतानाही तो लाइनीत पेट्रोलचं प्रेशर धरून ठेवतो. तो गळला की सकाळी प्रेशर शून्य.

दुसऱ्या मिस्त्रीकडं गेज लावून घेतलं. चावी ऑन केल्यावर पावणेतीन किलो प्रेशर, बंद केल्यावर पाच मिनिटांत काटा खाली. प्लग कोरडे होते, म्हणजे इंजेक्टर गळत नव्हते. टाकीतला पंप बदलला, मजुरीसकट साडेतीन हजार. (ही लाइन घरी खोलू नका. पेट्रोल दाबानं उडतं, आणि आपल्यात कुणाच्या तरी तोंडात बिडी असतेच.)

दर वेळी पंपच असतो असं मी म्हणत नाही. चावीच्या युक्तीनं फरक पडला नाही तर आधी बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर घासा, मग फिल्टर, प्लग, टेंपरेचर सेन्सर. आणि अॅक्सिलरेटर दाबत बसू नका, ती सवय कार्बोरेटरच्या गाडीची.

चूक आपलीही आहे. गाडी कायम रिझर्ववर पळवायची. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, त्यानंच तो थंड राहतो. माझा कशानं गेला ते मला पक्कं माहीत नाही. आता पाव टाकीच्या खाली जाऊ देत नाही.

जुना पंप डिकीत ठेवलाय. त्या गॅरेजवाल्याला दाखवायचाय.