बाबांचा वेदर रिपोर्ट

माझ्या आणि बाबांच्या फोनवरच्या गप्पा म्हणजे निव्वळ वेदर रिपोर्ट. आईशी तासभर गॉसिप चालतं. बाबा मात्र फोन हातात घेतात आणि विचारतात, "काय गं, पाऊस आहे का तिकडे?" ते साताऱ्यात, मी कॉलेजसाठी पुण्यात. इकडे आभाळ भरलं की तिकडेही भरलेलं असायचं, त्यामुळे संवाद एकदम स्मूथ!

२०२३ च्या फेब्रुवारीत मास्टर्ससाठी मेलबर्नला गेले आणि आमचा हा एकमेव विषयच ऑप्शनला पडला.

पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला, म्हणून उत्तरेत उन्हाळा तेव्हा दक्षिणेत हिवाळा, हे शाळेत घोकलं होतं. मार्कही मिळाले होते. तरीही रूम शोधताना मी मोठ्या हुशारीने दक्षिणेकडची खिडकी निवडली. आपल्याकडे थंडीतलं ऊन दक्षिणेकडून येतं ना! तिथे सूर्य उत्तरेच्या बाजूने फिरतो. जून उजाडला. संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य गायब, पहाटे सहा-सात डिग्री, आणि माझ्या खोलीत दिवसभर उन्हाची तिरीपसुद्धा नाही. समोरची हाउसमेटची खोली मात्र उन्हात मस्त शेकत असायची. मी दोन-दोन मोजे घालून असाइनमेंट लिहीत बसायचे.

त्याच सुमारास बाबांचा फोन. "मॉन्सून आला गं! तिकडे काय?"

"इथे कडाक्याची थंडी आहे, बाबा. त्यात माझ्या दक्षिणेच्या खोलीत ऊनच येत नाही."

"जूनमध्ये थंडी?" थोडा वेळ शांतता. "बरं, आईला देतो."

संपलं! पुढचे कितीतरी रविवार हेच. खरं सांगू? त्या जूनमध्ये मी सॉलिड एकटी पडले होते. पण 'मला करमत नाही' हे बाबांना कसं सांगायचं? आमची भाषाच हवामानाची होती आणि तीच आता चालत नव्हती.

मग एक दिवस क्लासमध्ये कळलं की मेलबर्न परिसरातल्या मूळ रहिवाशांचं, कुलिन लोकांचं, वर्ष सात ऋतूंचं असतं. कुठला ऋतू ईल माशांचा, कुठला ऑर्किडचा. चार ऋतूंची चौकट नंतर आलेल्या इंग्रजांची. रविवारी सहज बाबांना सांगितलं. "सात? आपल्यापेक्षा एक जास्त?" गडी एकदम खूश! मग आईकडून कळलं की साहेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचं मेलबर्नचं तापमान लिहायला लागलेत.

२०२४ ची संक्रांत. तिथे जानेवारीत पारा कधी कधी चाळिशी गाठतो. अंगात ऊब यावी म्हणून खायचा तिळगूळ मी पंख्याखाली बसून खात होते, काळी कुर्ती घामाने चिकटलेली. बाबांचा फोन आला.

"आमचा दिवस आता मोठा व्हायला लागला. म्हणजे तुझा लहान होत असणार."

"हो ना."

"मग जूनच्या आधी खोली बदल. उत्तरेची घे."

खोलीबद्दल मी फक्त एकदाच, ओझरतं बोलले होते. सात महिन्यांपूर्वी. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. फोन ठेवल्यावर मी जाम रडले, आणि पुढच्याच महिन्यात खोली बदलली.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणी जुलैच्या इनटेकला तिकडे निघत असेल, तर जाडजूड स्वेटर हँडबॅगेतच ठेवा आणि रूम नॉर्थ-फेसिंगच घ्या. बाकी सगळं जमतं.

मी आता पुण्यात परत आलेय. परवा बाबांचा फोन आला. "आज मेलबर्नला नऊ डिग्री आहे."

"बाबा, मी इथे आहे!"

"माहितीये गं. पण तिथल्या पोरांना थंडी वाजत असेल ना?"