रानभाजीची जागाही दाव्यात लिहा



वनहक्काचा दावा म्हटला की पाड्यापाड्यांत एकच चर्चा चालते. प्लॉट किती, मोजणी कधी, दंडाची पावती सापडली का? ही चर्चा हवीच. ज्या जमिनीपायी आपल्या बापजाद्यांनी मार खाल्ला, कोंबड्या दिल्या, कोर्टाच्या तारखा केल्या, ती नावावर झालीच पाहिजे. पण प्लॉटाच्या बांधापलीकडं जे रान आहे, त्याचं काय? पावसाळाभर चूल त्याच रानावर चालते. त्या रानाचा सामूहिक दावा मागं पडतो आहे. तो आता भरायचा, असं आमचं म्हणणं आहे. आणि त्याचा पुरावा म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे, तो त्या आहेत तोवर कागदावर घ्यायचा.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. १९२७ च्या वन कायद्यात जंगलातलं गवत, वेल, पाला, फूल, फळ सगळं ‘वनोपज’ म्हणून लिहिलं आहे. म्हणजे राखीव जंगलातून टोपलीभर भाजी आणली तरी गार्ड अडवू शकतो, आणि अडवतोही. बांबूला तर त्या कायद्यानं २०१७ पर्यंत झाडातच धरलं होतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं हे उलटं केलं. त्यात गौण वनोपजात बांबू आला, मध, मेण, लाख आली, औषधी झाडपाला आला, आणि कंद-मुळं हे शब्दही स्पष्ट लिहिले आहेत. हे गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क आपला आहे. त्यावर आपली मालकी आहे, असं कलम ३ मध्ये आहे.

आता पुराव्याचं. १ जानेवारी २००८ पासून लागू झालेल्या नियमांत, नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्याला काय पुरावा चालतो? गुरं चारायची रानं, कंद-मुळं, चारा, रानफळं गोळा करायच्या जागा, मासे धरायच्या जागा, पाणवठे, वैदूंची झाडपाल्याची रानं, देवराई, मसणवट. वडीलधाऱ्या माणसांनी सांगितलेलं लिहून घेतलं तर तोही पुरावा आहे, फक्त सांगणारा दावेदार सोडून दुसरा असावा. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे. म्हणजे ‘कागद आणा’ म्हणणाऱ्याला उत्तर कायद्यातच आहे. कंद कुठं निघतो ते सांगता आलं, की पुरावा झाला.

आणि ते आपल्या बायांइतकं कोण सांगणार?

वळवाचा पाऊस पडला की पहिलं शेवळं येतं. पानं नसतात, नुसता जांभळट कोंब जमिनीतून वर. ते कुठल्या झाडोऱ्याखाली, कुठल्या उतारावर येतं हे त्याच पाड्याच्या बाईला ठाऊक. वरचा पापुद्रा सोलायचा, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, नाहीतर घसा खाजून जीव नको होतो. आणि शिजवताना काकड घालायचं, नाहीतर चिंच. काकडाचं झाड आणि शेवळाची जागा, दोन्ही ठाऊक असल्याशिवाय ही भाजी होत नाही.

मग पाऊस लागला की कुलू. कोण फोडशी म्हणतं. दिसायला गवतासारखी, पण पात बुडाशी पांढरी. मधला कडक दांडा काढून टाकायचा, पाती चिरून डाळीत घालायची. पांढरा फुलोरा आला की पात चिवट झाली, मग हात लावायचा नाही. त्याच दिवसांत टाकळा. त्याची पानं संध्याकाळी मिटतात, ही ओळख पोरांनाही सांगता येते. कोवळा असतानाच खुडायचा. भारंगी कडू, म्हणून पाला उकळून पाणी पिळून टाकायचं. वास्ते बारीक चिरून रात्रभर पाण्यात, नाहीतर उकळून ते पाणी फेकायचं. श्रावणात चाईचा मोहोर. चाईच्या एका देठाला पाच पानं, कडुकंदाच्या देठाला एकच मोठं बदामी पान आणि बेचक्यात करांदे. दोन्ही वेल एकाच झाडावर चढलेले असतात, फरक पानावरून करायचा.

पाऊस सरल्यावर कडुकंद. हा कच्चा खाल्ला तर माणूस आजारी पडतो. चकत्या करायच्या, राख घालून उकळायच्या, मग टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवायच्या. कडूपणा जाईपर्यंत धुवायच्या. हे कुणा एकानं एका वर्षात शोधून काढलेलं नाही. किती पिढ्यांनी चाखलं असेल, किती जण आजारी पडले असतील, तेव्हा ही रीत बसली. ज्या लोकांकडं ही रीत आहे, ते या रानात काल आलेले नाहीत. आणि कडुकंद धुवायला ज्या ओहोळावर जातात, तो पाणवठा. तोही यादीत आहे.

सभेत काही साथी म्हणतात, भाजीपाल्याचा कसला दावा, जमिनीचं बोला. त्यांना आम्ही विचारतो, आखाडात घरातलं भात संपतं तेव्हा खावटी कधी मिळते आणि रानभाजी कधी मिळते? खावटीला अर्ज लागतो, यादी लागते, साहेबाची सही लागते. टाकळ्याला कुणाची सही लागत नाही. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणानं पोरं दगावली, तेव्हा सगळा देश आपल्या डोंगरात येऊन गेला. धान्य किती वाटलं याचा हिशोब झाला. पण डोंगरातलं मिश्र झाडोऱ्याचं रान तुटून नुसता साग उभा राहिला, तेव्हा चुलीवरचं काय काय गेलं, याचा हिशोब कुणी मांडला? सागाच्या लागवडीत कंद सापडत नाही. म्हणून रानाचा दावा हा पोटाचाच दावा आहे.

दुसरी शंका जास्त खरी आहे. कागदावर जागा लिहिल्या तर त्या व्यापाऱ्याला कळतील, फॉरेस्टवाला त्यावरच पास लावील. ही भीती बायांनी बोलून दाखवली आणि ती फुकट नाही. मुसळीसाठी कुलूची झाडं मुळासकट उपटून नेणारे आपण पाहतो आहोत. आमचं उत्तर असं. दाव्यात रानाचं नाव लिहा, हद्द लिहा, ओहोळ, टेकडी, वाट लिहा. कुठलं मूळ कुठल्या दुखण्यावर लागतं, हे वैदूचं ज्ञान कागदावर घालायची गरज नाही. त्या ज्ञानावरही गावाचा सामूहिक हक्क आहे, तसं कलम ३ मध्येच म्हटलं आहे. आणि न लिहिलेली जागा सुरक्षित राहते असं थोडंच आहे? तिथं उद्या तारेचं कुंपण पडलं तर आपण काय दाखवणार?

हक्काबरोबर राखणही आलं. कलम ५ नं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तो वापरायचा. कुलू कापायची, उपटायची नाही. कंद काढला की वरचा डोळा परत मातीत पुरायचा. एका बेटातले सगळे वास्ते तोडायचे नाहीत. शेवळं विकायला नेताना जागेवर थोडी राखायची. आपले जुने लोक हे पाळत होते, ग्रामसभेनं त्याचा ठराव करावा. ठराव असला की बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्यालाही अडवता येतं.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेआधी एवढं करा.

पाड्यातल्या जाणत्या म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांना घेऊन एक दिवस रान फिरा. लिहिता येणारं एक पोर बरोबर घ्या. कुठल्या रानात काय मिळतं, कुठल्या महिन्यात, कुठल्या वाटेनं जातात, कधीपासून जातात, ते त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या. आपल्या भाजीचं आपल्याकडचं नाव लिहा, पुस्तकी नाव शोधत बसू नका. शेजारच्या पाड्यातल्या वडीलधाऱ्यांचाही जबाब घ्या, म्हणजे ‘दावेदार सोडून’ ही अट पुरी होते आणि हद्दीचं भांडणही आधीच मिटतं. जबाब वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या. हातानं नकाशा काढा. एक प्रत गावात ठेवा, आणि दावा दिल्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश बाया असाव्यात, असा नियम आहे. त्या सहीपुरत्या नकोत. रानाचा जबाब सांगताना त्या पुढं बसाव्यात, पुरुषांनी ऐकावं. आश्रमशाळेतली पोरं सुटीत घरी येतील, त्यांनाही या फेरीत न्या. टाकळा आणि कुलू ओळखता न येणारं पोर उद्या या रानाचा हक्क कशाच्या जोरावर मागणार? त्यांना एवढंही सांगा की ज्याची ओळख मोठ्या माणसानं दिली नाही ते तोंडात घालायचं नाही. अळंबी तर मुळीच नाही.

पुढची शेवळं निघायच्या आत हे जबाब लिहून झाले पाहिजेत. हा अंक वाचता येत नाही त्यांना पाड्यावर बसून वाचून दाखवा, आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा.

जिंदाबाद!