माळ घातली, आता ताटाचं काय?

तुकोबांची पालखी बारामतीहून निघाली की काटेवाडीला मेंढ्या तिच्याभोवती रिंगण धरतात. पुढे बेलवडी, मग इंदापूर. या वाटेवरच्या कितीतरी बायका तुळशीची माळ घालून मटण कायमचं सोडतात. कुणी विठोबासाठी, कुणी नवसापोटी, कुणाला कोंबडं कापलेलं बघवत नाही म्हणून. कारण जिचं तिचं. त्याची थट्टा नको.

पण भगिनींनो, रस्सा सुटला म्हणून नुसत्या चटणी-भाकरीवर राहू नका. मटकी, हुलगे, डाळ, शेंगदाणे रोज पोटात जाऊ द्या. बी-१२ जीवनसत्त्व कडधान्यांत नसतं. त्यासाठी दूध-दही घ्या. हातापायांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना दाखवा.

आणि घरच्यांना मटण हवंच असेल, तर त्यांनीच शिजवावं, पातेलंही त्यांनीच घासावं. माळकरणीला चुलीपाशी ओढू नये!