घरी बसायलाही ऐपत लागते

मैत्रिणींनो, २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ‘घरीच राहा’ हे वाक्य आपण दिवसातून दहादा ऐकलं. आपल्यापैकी पुष्कळजणी राहिल्याही. पगार चालू होता, डबे भरलेले होते. पण जिथे रोजच्या कमाईवर रोजची चूल पेटते, तिथे घरी बसून कसं भागावं?

मुंबईचंच पाहा ना. झोपडपट्टीत पुष्कळ ठिकाणी नळ आणि संडास सामाईक. उंबरा ओलांडल्याशिवाय दिवस सुरूच होत नाही. त्या वर्षीच्या जुलैत माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या भागांत रक्ततपासणीची पाहणी झाली. झोपडपट्टीतल्या शंभरातल्या ५७ जणांच्या रक्तात कोरोना होऊन गेल्याची खूण सापडली, इतर वस्तीत १६ जणांच्या. शहर एकच, साथही एकच!

लोकलचंही तेच. मार्चमध्ये बंद झालेल्या गाड्यांत २१ ऑक्टोबरपासून सगळ्या बायकांना मुभा मिळाली, पण वेळ कोणती? सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. सकाळी सातला भांड्यांना पोचायचं असेल तिला त्या गाडीचा काय उपयोग? घरी मोटार असलेलीला मात्र त्या वेळांशी देणंघेणं नव्हतं.

ती टाळेबंदी संपली, पण तापाच्या साथी काय, दर पावसाळ्यात येतातच. अशा वेळी कामाच्या बाई अंगात ताप असूनही येतात, कारण खाडा झाला तर पैसे कापले जातील ही धास्ती. म्हणजे खाडा कापून वाचवलेल्या पैशांत आपण घरात आजार आणतो. हा कुठला हिशेब, सांगा बरं?

तेव्हा एवढं करून पाहा. महिन्याच्या सुट्ट्या आधीच बोलून ठरवा. आजारपणाचा खाडा त्यांत धरू नका आणि त्याचे पैसेही कापू नका. कॅलेंडरवर त्याची खूण वेगळी करा, म्हणजे महिनाअखेर वाद नको. घरखर्चातून दरमहा थोडी रक्कम बाजूला टाका. पुन्हा कधी आपण ‘येऊ नका’ म्हणालो, तर त्यातून त्यांचा पगार देता येईल. आणि हो, देताना उपकाराची भाषा नको. आजारी माणसाने घरी राहावं असं आपल्याला वाटतं ना? मग त्यांनाही ते परवडायला हवं.