कमी शुल्काचा मोह
अमेरिकेत काँडो, म्हणजे इमारतीतला मालकीचा फ्लॅट, घेणारी आपली तरुण मंडळी गृहकर्जाचा हप्ता पैन्‌पै मोजतात, पण घरमालक संघटनेच्या मासिक शुल्काबाबत 'जितकं कमी तितकं बरं' एवढंच बघतात. या शुल्कातून इमारतीचा सामायिक विमा, लिफ्ट, छत, जिने, कचरा यांचा खर्च भागतो. स्वतःच्या घराचा विमा, आतली दुरुस्ती आणि मालमत्ता कर बहुधा वेगळा. खरं तपासायचं ते राखीव निधीत किती शिल्लक आहे, म्हणजे आपल्या सोसायटीच्या बिलातला सिंकिंग फंड. हा निधी अपुरा असला की काय होऊ शकतं ते पाहा: फ्लोरिडातल्या सर्फसाइडमधील चॅम्प्लेन टॉवर्स साउथ या 12 मजली इमारतीचा मोठा भाग 24 जून 2021 रोजी मध्यरात्रीनंतर कोसळला आणि 98 माणसं गेली. पोहण्याच्या तलावाजवळच्या स्लॅबचं गंभीर नुकसान अभियंत्यानं 2018 मध्येच लेखी कळवलं होतं. निधी तुटपुंजा, सभासदांत वाद; दीड कोटी डॉलरची विशेष वर्गणी मंजूर झाली ती थेट 2021 मध्ये. कोसळण्यामागं बांधकामाचे दोषही होते, पण दुरुस्तीविना गेलेली ही वर्षं मला फार अस्वस्थ करतात. फ्लोरिडानं 2022 मध्ये कायदा कडक केला, तीन मजल्यांपासून पुढच्या काँडोंना राखीव निधीचा अभ्यास सक्तीचा झाला, आणि अनेक ठिकाणी शुल्क भराभर वाढलं. ते जाचक वाटतं खरं, पण ही आधी न भरलेल्या राखीव निधीची जुनीच थकबाकी आहे. म्हणून सही करण्याआधी निधीचा अहवाल, सभांची इतिवृत्तं आणि येऊ घातलेल्या विशेष वर्गणीची माहिती लेखी मागा. संघटना टाळाटाळ करत असेल तर ते घर घेऊ नका.